लुझताईंच्या लेकीचा नंबर

नर्सिंग होममध्ये फिजिओथेरपी करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ब्रेकरूमच्या सिंकमधल्या उष्ट्या कपांसारखे ते आपोआप साठतात. शिकागोबाहेर नेपरव्हिलजवळच्या आमच्या होममध्ये मी एकटी नागपूरची, बाकी निम्मा स्टाफ फिलिपिन्सचा. हे किस्से २००३ ते २००७ मधले, सगळेच दमलेल्या दिवसांतले.

*

नेस्टर तिकडे डेंटिस्ट होता, स्वतःचं क्लिनिक होतं. इथे डिग्री चालली नाही. मग म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची आणि त्यांच्या कवळ्या धुवायच्या, हे त्याचं काम. वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारून बसले.

"फील्ड तेच आहे गं," तो म्हणाला. "फक्त आता पेशंट 'आ' करत नाही, दात काढून हातातच देतो."

*

नेस्टरच्या अपार्टमेंटमध्ये एका गादीत दोघांचा वाटा. एक डे शिफ्टवाला, एक नाइटवाला, त्यामुळे गाठ कधी पडायचीच नाही. एकदा बर्फाने रस्ते बंद झाले आणि दोघंही घरी अडकले.

"गादीतला खड्डा बघून मला वाटायचं, माणूस चांगला जाडजूड असेल," नेस्टर सांगत होता. "निघाला माझ्यासारखाच काटकुळा."

मग खड्डा पाडला कोणी, यावर दोघं दिवसभर बोलत बसले.

*

लुझताईही फिलिपिन्सच्याच, आमच्यात सगळ्यात सीनियर. गावी पाठवायला म्हणून त्यांनी मॅनेजरच्या गाडीला टेकून फोटो काढला. भाच्याने लगेच कळवलं, मावशी, जुनी झाली की गाडी मला पाठव. ताई रोज बर्फात बसची वाट बघायच्या.

"गाडी मॅनेजरची," त्या मला म्हणाल्या, "थंडी तेवढी माझी स्वतःची."

*

ग्रीन कार्ड मिळाल्याबरोबर लुझताईंनी लेकीला, मारिसेलला इकडे आणायचा अर्ज टाकला होता. नंबर लागेपर्यंत तिने लग्न करायचं नाही, केलं तर अर्ज रद्द. माझी आई नागपूरहून दर रविवारी लग्न कर म्हणून मागे लागायची, आणि ताई दर रविवारी लेकीला बजावायच्या, करू नकोस. वर्षामागून वर्षं गेली. मारिसेल तिशीला आली.

शेवटी नंबर लागला. ताईंनी ट्रे भरून नूडल्स करून आणल्या, सगळ्यांना वाढल्या आणि ब्रेकरूममधूनच लेकीला फोन लावला. बोलता बोलता त्या खुर्चीत बसल्या. आम्ही प्लेटी घेऊन उभे. फोनमधलं बोलणं बाहेर ऐकू येत होतं; मला भाषा कळत नव्हती, नेस्टर हळू आवाजात सांगत होता. मारिसेलने चार वर्षांपूर्वीच लग्न केलं होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, फक्त आईला कोणी सांगितलं नव्हतं. अर्ज गेला, तिचं येणंही गेलं. मला तर रडूच आलं.

ताईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग त्यांनी फोनवर काहीतरी विचारलं. मी नेस्टरकडे पाहिलं.

"त्या विचारतायत," तो म्हणाला, "लग्नात जेवायला काय होतं?"