बुटक्या सोफ्याचे पाय

त्या सुताराचं नाव मी विचारलंच नाही. सत्तरच्या दशकात आम्ही धरमपेठेतल्या घरासाठी सीताबर्डीच्या बाजारातून नव्या फॅशनचा सोफा आणला होता. जमिनीलगतचा, बारीक पायांचा, मोरपंखी रंगाचा. पाहुणे कौतुक करायचे. पण वडिलांचे गुडघे धरलेले. त्यावर बसले की त्यांना उठता येईना. एकदा पाहुण्यांदेखत मी त्यांना काखेत हात घालून उठवलं. तेव्हापासून ते बैठकीच्या खोलीत यायचेच बंद झाले.

पुढे सोफ्याच्या एका हाताचं पॉलिश उडालं, म्हणून दुकानदारानं हा सुतार पाठवला. काम करताना तो जिभेचं टोक दातांत धरायचा. आतल्या खोलीत एकटे बसलेले वडील त्याला दिसले.

"काकाजी इकडे काहून नाही बसत?"

मी कारण सांगितलं. त्यानं पॉलिशचा डबा ठेवला आणि आत जाऊन वडिलांच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतची उंची वितीनं मोजली.

"याचे पाय बदलून देतो, भाऊ."

"फॅशन बिघडेल ना," मी म्हणालो.

"फॅशन पाहणाऱ्याले. बसणाऱ्याले उठता आलं पाहिजे."

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी त्यानं उंच सागवानी पाय बसवले. वडील बसले, सोफ्याच्या हातांवर जोर देऊन आपले आपण उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले.

"थांब गा, चहा घेऊन जा," वडील सुताराला म्हणाले.

त्या संध्याकाळी पाहुणे आले, तेव्हा दार वडिलांनीच उघडलं.