जिनं खोललं, तिनंच जोडायचं

आमच्या वन्संच्या ताब्यात पृथ्वी दिली असती, तर त्यांनी ती आधी पूर्ण खोलून, पुसून, तेल घालून मगच फिरायला सोडली असती. आणि खोलायला शाळेतल्या मुली बोलावल्या असत्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सगळी हयात एका साखर कारखान्यात इंजिनियर म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर देवळाली प्रवरात आमच्याकडे राहायला आल्या. येताना एक सुटकेस आणि एक हत्यारांची पेटी आणली. सुटकेस मी एका हातानं उचलून आत ठेवली. पेटी अजून दाराशीच आहे, कारण ती हलवायची कोणाची छाती नाही. आपल्याला बिघडलेलं यंत्र दिसतं, वन्संना ते ऐकू येतं. नात्यातल्या एका लग्नात मंगलाष्टकं ऐन रंगात असताना त्या माझ्या शेजारून उठल्या आणि मांडवामागं गेल्या. मागं जनरेटर चालू होता. "हा दम खातोय, याचा फिल्टर काढ," असं त्या जनरेटरवाल्याला सांगत होत्या आणि तो बिचारा काढतही होता. लग्नाच्या फोटोत सगळ्यांचे हात हळदीनं पिवळे दिसतात, वन्संचा एकटीचा काळा आहे.

संक्रांतीला आमच्या आळीत वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे लुटतात, फार तर स्टीलची गाळणी. वन्संनी पहिल्याच वर्षी टेस्टर लुटले. मी स्वयंपाकघरात बोलावून म्हटलं, "अहो वन्सं, हळदीकुंकवाला टेस्टर?" त्या म्हणाल्या, "मग काय, गाळणीनं करंट कळतो?" बायका हसल्या, पदराआड कुजबुजल्या आणि तिळगूळ खाऊन गेल्या. एकीनं तर टेस्टरला हळदकुंकू लावून तो देवघरात ठेवला. पण पुढं पावसाळ्यात आळीतल्या विजेचा खेळ सुरू झाला, तेव्हा मीटरच्या पेटीशी वाकून बघणाऱ्या बायकाच जास्त दिसायला लागल्या, एवढं मात्र मी डोळ्यांनी पाहिलंय.

अर्थात बायका हा वन्संचा जोडधंदा. खरा ध्यास मुलींचा. दर रविवारी आमच्या पडवीत मुली जमायच्या. कोणी पंखा आणायची, कोणी आजोबांचा रेडिओ, कोणी भावाची सायकल त्याला न विचारता. नियम एकच होता: जिनं खोललं, तिनंच जोडायचं. वन्सं स्वतः हात मागं बांधून फिरायच्या आणि कितीही गयावया केली तरी बोट लावायच्या नाहीत. एकदा खोलायला काहीच आलं नाही, तेव्हा माझा मिक्सर उचलून नेला. मी म्हटलं, "तो चांगला चालतोय हो." तर म्हणाल्या, "मग का चालतोय ते बघू की." मुलगे आले तर त्यांना हाकलत नसत, पण पाना आधी मुलीच्या हातात जायचा. "बाजूला उभं राहून बॅटरी धरायचं काम पोरींनी पुष्कळ केलंय," असं त्या म्हणायच्या, "आता जरा यांना धरू दे." रविवारी दुपारी आमच्या घरात चहा मिळत नसे, कारण गॅसची शेगडीही बहुधा पडवीतच असायची.

या मुलींत त्यांचा जीव मुस्कानवर. मुस्कानच्या अब्बांची कोपऱ्यावर पिठाची गिरणी आहे. पोरगी लहानपणापासून तिथल्या आवाजात वाढलेली, त्यामुळं यंत्राला घाबरणं तिला माहीतच नव्हतं. ती दहावीला होती आणि दहावीनंतर तिनं नगरच्या तंत्रनिकेतनात मेकॅनिकलला जायचं, हे वन्संनी ठरवून टाकलं होतं. मुस्काननंही ठरवलं होतं. ठरवायचे राहिले होते ते फक्त अब्बा, आणि तेवढ्यावरच सगळं अडलेलं होतं. त्यांनी रीतसर नाही म्हटलेलं नव्हतं. विषय निघाला की ते गिरणी सुरू करायचे, म्हणजे पुढचं काही ऐकू येत नसे.

दिवाळीच्या तोंडावर वन्संनी अब्बांना विचारलं, की मुलींना एकदा गिरणी दाखवायची आहे. ते म्हणाले, "बघा की. आमी उद्या पावन्याकडं राहुरीला चाललोय, दुपारी गिरनी बंदच हाय." आता बघणं या शब्दाचा तुमचा-माझा अर्थ आणि वन्संचा अर्थ यात फार अंतर आहे. खोलल्याशिवाय त्यांना काही दिसतच नाही. दुसऱ्या दिवशी अब्बा एसटीत बसले असतील-नसतील तोवर मुलींनी पट्टा उतरवला, मोटरच्या तारा सोडल्या, दगड बाहेर काढून पुसले आणि गिरणीच्या ओट्यावर सगळं मांडून ठेवलं. दुपार टळली तशा चकलीच्या भाजणीचे डबे घेऊन बायका यायला लागल्या. गिरणी ओट्यावर पसरलेली बघून एकेकीचा तोल सुटला. दिवाळीत भाजणी अडवणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी चकल्या होतात त्यांनाच कळेल. मी वन्संच्या पदराला धरून म्हटलं, "आता तुम्ही हात लावा, नाहीतर आपल्याला आळीत राहू देणार नाहीत." वन्सं मेन स्विचवर हात ठेवून उभ्या होत्या. म्हणाल्या, "खोललंय त्यांनी. त्याच जोडतील."

जोडली खरी मुलींनी. रांगेत पहिली आरतीची आई होती. आरती म्हणजे वन्संच्या रविवारच्या मुलींतली एक, मुस्कानच्याच वर्गातली, काढलेले स्क्रू वाटीत नीट ठेवणारी, तोंडातून शब्द न काढणारी. तिच्या आईनं भाजणी ओतली, गिरणी सुरू झाली आणि खाली पिठाऐवजी भरडा पडायला लागला, तोही तापलेला. त्या माउलीनं वन्संना, मला आणि आमच्या घराण्याला जे काही ऐकवलं ते इथं लिहीत नाही. वन्संचा चेहरा बघून मला कळलं, की चूक काय झालीय ते यांना ठाऊक आहे आणि त्या सांगणार नाहीत. त्या क्षणी मला त्यांचा मनापासून राग आला. मुस्कान गिरणीभोवती फिरत होती. शेवटी आरतीनंच तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि मुस्कान म्हणाली, "आत्या, पट्टा उलटा फिरतोय. मोटरच्या तारा अदलाबदल झाल्यात." वन्संनी मेन स्विच पाडला, टेस्टर पुढं केला आणि नुसती मान हलवली. दोन तारा बदलल्या, गिरणी सुलट फिरली आणि दुधासारखं पीठ पडलं. नेमके तेव्हाच अब्बा राहुरीहून परत आले. त्यांना दिसली रस्त्यापर्यंत गेलेली डब्यांची रांग, आणि हातभर काळी झालेली आपली मुलगी. आणि पुढच्या रविवारपासून मुस्कान आमच्या पडवीत यायची बंद झाली.

दुसरं कोणी असतं तर माफी मागून आलं असतं, नाहीतर भांडून. वन्सं रोज संध्याकाळी दळण घेऊन जायला लागल्या. एक दिवस ज्वारी, एक दिवस बाजरी, मग नाचणी, मग डाळी. रांगेत उभं राहायचं, नंबर आला की डबा पुढं करायचा, पीठ घेऊन घरी यायचं. मुस्कानच्या शिक्षणाबद्दल चकार शब्द नाही. इकडं माझ्या घरात पिठाचे डबे संपले, मग पातेली संपली, मग मी लग्नातलं घंगाळ काढलं. सकाळी थालीपीठ, दुपारी धिरडी, रात्री पुन्हा थालीपीठ. नवरा एकदा भीत भीत म्हणाला, "अगं, भात विसरलो गं आपण." मी म्हटलं, "तुमच्या बहिणीला सांगा." त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात वन्संना कोणी काही सांगत नाही.

थंडी सरली, मुलींची परीक्षा झाली, उन्हाळा आला. एक दिवस मीही वन्संबरोबर गिरणीवर गेले होते, तेव्हा अब्बांनी आपणहून गिरणी बंद केली. म्हणाले, "ताई, किती दळन खाताय तुमी?"

"तुम्ही बोलेपर्यंत," वन्सं म्हणाल्या.

अब्बा हसले नाहीत. अंगावरचं पीठ झटकत म्हणाले, "पोरगी हुशार हाय, मला ठावं हाय. त्या दिवशी गिरनी तुमी न्हाई, तिनं जोडली, ते बी आळीनं सांगितलं. जातपात, लोक काय म्हनतील, त्यातलं काय न्हाई माझ्या मनात. पन मी नगरला जाऊन बघून आलो ताई. त्या मेकॅनिकलच्या वर्गात सगळी पोरं. ही एकटी. दिवसभर बोलनार कुनाशी? डबा कुनाबरोबर खानार? तुमी इंजनेर हाय, तुमीच सांगा."

वन्सं डबा हातात घेऊन तशाच मागं फिरल्या. घरी आल्यावर ओट्याशी बसल्या. मग म्हणाल्या, "त्याचं खरं आहे गं. मी सगळी नोकरी स्टोअररूममध्ये डबा खाल्ला. वाईट कोणी नव्हतं. चांगले होते सगळे, ताई ताई करायचे. पण मी गेले की गप्प व्हायचे. मग मीच जायचं सोडलं." इतकी वर्षं एका घरात राहून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तसं आमच्यात कधी होत नाही.

सकाळी उठल्या त्या मात्र नेहमीच्या वन्संच होत्या. "एकीला पाठवायचंच नाही," म्हणाल्या. "चूक माझी. दोघी पाहिजेत." आणि मला घेऊन थेट आरतीच्या घरी. मला दारातूनच घाम फुटला, कारण भाजणीची आठवण आळीत अजून ताजी होती. वन्संनी प्रस्तावना न करता विचारलं, "आरतीला मेकॅनिकलला पाठवता का? मुस्कान आहे सोबत." आरतीची आई भाजी निवडत होती. तिनं वर बघितलं. "पाठवू की. न्हाई कोन म्हनतंय? पट्टा उलटा फिरतोय ते माझ्याच पोरीनं वळखलं हुतं. पन तुमी सगळा उन्हाळा-हिवाळा मुस्कान मुस्कान करताय. आमच्या पोरीला कुनी इचारलंच न्हाई." आत दाराआड उभ्या असलेल्या आरतीनं मान खाली घातली. वन्सं तिच्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "माझं चुकलं, आरती. तुला यायचंय का?" आरतीनं मान डोलावली, एकदाच, पण चांगली जोरात.

अब्बांकडे या वेळी दळण न घेता गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जाता-येता एकाच एसटीत?" वन्सं म्हणाल्या, "एकाच बाकावर." ते म्हणाले, "मग जाऊ द्या."

कॉलेज सुरू झालं त्या दिवशी सकाळी आम्ही सगळे स्टँडवर होतो. अब्बा, आरतीची आई, मी आणि वन्सं. वन्संनी दोघींना काय काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं असावं, कारण वाटभर त्यांचे ओठ हलत होते. पण बस आली, गर्दी झाली, दोघी धक्काबुक्की करून चढल्या आणि खिडकीशी जागा पकडून जे बोलायला लागल्या ते बोलतच राहिल्या. काय चाललं होतं कोणास ठाऊक. मुस्कान हातवारे करत होती आणि कधी न बोलणारी आरती तिला मध्येच तोडून काहीतरी सांगत होती. अब्बांनी हात केला, आरतीच्या आईनं हाक मारली. बस सुटली तरी एकीनंही खाली बघितलं नाही.

मला जरा वाईटच वाटलं वन्संसाठी. मी म्हटलं, "कार्ट्यांनी साधा हात पण नाही हलवला."

वन्सं बस गेली त्या रस्त्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "सवडच नाही गं त्यांना." आणि चष्मा काढून पदरानं पुसायला लागल्या. बराच वेळ पुसत राहिल्या.