अग्निगरुड हरवल्याची तक्रार

ती घटना आठवली की आजही कपाळाला आठी पडते. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन बरीच वर्षे झाली होती. मी मोहाडी तालुक्यात ठाणेदार होतो. वाळूचोरीचे गुन्हे तपासावर असताना विणकरांच्या गावातला एक तरुण तक्रार घेऊन आला. पत्ते चोरीला गेले होते.

"जुगाराचे?" मी विचारले.

"नाही जी साहेब, खेळाचे. चित्रांचे, जमवाचे अन् अदलाबदलीचे. नवीन संचातले सगळ्यात भारी दोन. अग्निगरुड अन् पाताळराणी. गरुड समोरच्याची अख्खी फौज जाळते."

"मंग चोराले काहून नाही जाळलं?" हवालदार म्हणाले. तरुण हसला नाही.

संशय त्याने बालमित्रावर घेतला. मित्राने ते पत्ते अदलाबदलीत मागितले होते. याच मित्राला वरठीच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि त्याची चारित्र्य पडताळणी माझ्याच टेबलावर होती. गुन्हा नोंदवला की नोकरी गेली. मी अर्ज चौकशीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी बसस्टँडवरच्या पानठेलेवाल्याने खबर दिली, की मित्र एक डबा घेऊन नागपूरच्या गाडीची वाट पाहतो आहे. त्याला डब्यासह ठाण्यात आणले. डब्यात पत्तेच निघाले. तक्रारदार ते माझ्या टेबलावर मांडत बसला. "हा भंगार. हा सगळ्यांपाशीच असते." हवे ते दोन त्यात नव्हते.

"मागतले होते साहेब," मित्र म्हणाला. "हा नाही म्हणाला, त उठून आलो. डब्यातले माहेच हायेत, नागपूरले बदलाले नेत होतो. याच्या पायी माही नोकरी जाईन."

फिरवून फिरवून विचारले. उत्तर तेच. खोटे बोलणारा दर वेळी काहीतरी भर घालतो. याने घातली नाही. म्हणून दोघांना घेऊन तक्रारदाराचे घर गाठले.

पत्ते मागाजवळच्या खिडकीत ठेवलेले असत. मागावर वडील बसले होते. त्यांच्याशेजारी जरीच्या दोन चपट्या गुंडाळ्या होत्या. एकीतून रंगीत, चकचकीत कोपरा डोकावत होता.

"हे काय?"

"पुठ्ठा हाय जी. काठाचा जरीचा धागा आमी पुठ्ठ्यावरच गुंडाळतो. हे दोन गुळगुळीत भेटले, धागा अडकत नाही."

"पोराने विचारले नाही तुम्हाला?"

"मले कोन इचारते?"

जरीचा धागा उलगडताना मुलगा ओरडला, "बाबा, हळू! कोपरा मुडपन!" दारात हवालदाराजवळ उभ्या मित्राकडे त्याने पाहिलेही नाही.

ठाण्यावर येऊन मी आधी पडताळणीवर सही केली. मित्राने डबा उचलला. तक्रारदार म्हणाला, "येशील न रविवारी खेळाले?"

"ड्युटी हाय," मित्र म्हणाला. तो अजून रुजूही झाला नव्हता.

त्यानंतर चोरीची तक्रार आली, की मी आधी घरातल्या प्रत्येकाला विचारायला लावत असे, ज्याला कुणी विचारत नाही त्यालाही. ते शिकता आले. वस्तू मिळाली म्हणून अर्ज निकाली निघाला. पण ज्याचे नाव विनाकारण घेतले गेले, त्याला काय द्यायचे, याचे कलम मला सेवा संपेपर्यंत सापडले नाही.