कडेवरचा हिवाळा

समजा, तुमच्या हातात हाडाचा एक तुकडा आहे. करंगळीच्या पेराएवढा, भाजलेल्या विटेच्या रंगाचा. तो रेझिनमध्ये बसवायचा, हिऱ्याची धार असलेल्या करवतीने त्याचा आडवा काप काढायचा, काप काचपट्टीवर चिकटवायचा आणि मग फिरत्या चाकावर, पाणी सोडत सोडत, घासत राहायचं. कुठवर? खाली ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं त्यातून वाचता येईपर्यंत. हात जरा आधी थांबला तर उजेड आरपार जात नाही. जरा नंतर थांबला तर पट्टीवर नुसतं लालसर पाणी उरतं. आता हे काम अशा बाईला द्या, जिला जेवतानाही एका जागी बसवत नाही.

तिला सगळे भिंगरी म्हणतात. नाव नवऱ्याने ठेवलं. लग्न झाल्यापासून तिने इतकी घरं बदलायला लावली की तो म्हणतो, "भिंतीत खिळा ठोकू की नको, एवढं आधी सांगत जा." दर वेळी कारण वेगळं असतं. एका घरात उजेड कमी, दुसऱ्यात शेजारी फार चौकशा करणारे. मागच्या घरात तर काहीच खोट सापडली नाही, तरी निघाली. "त्याचाच कंटाळा आला," म्हणाली.

या प्रयोगशाळेत येण्याआधी ती चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायची. तिथला एक नियम असा, की भिंग हातातून खाली ठेवण्याआधी त्याची कड मारायची. चाकावर कड हलकेच टेकवून फिरवायची, म्हणजे धार जाते आणि कोणाचं बोट कापत नाही. काही दिवसांनी हे लक्षात ठेवावं लागत नाही, हातच करतो.

मग कारखाना बंद पडला आणि ती संग्रहालयाच्या मागच्या इमारतीत आली. इथल्या मॅडम पृथ्वीच्या टोकाकडे, ध्रुवाजवळ राहणाऱ्या डायनोसॉरांचा अभ्यास करतात. त्या काळी तिकडे आजच्याइतका बर्फ नव्हता, झाडंझुडपं होती. पण हिवाळ्यात सूर्य उगवायचा नाही तो नाहीच. मग हे प्राणी काय करत? कळप करून उबेकडे निघत, की अंधारात तिथेच तग धरून राहत?

भिंगरीचं मत पहिल्याच दिवशी पक्कं झालं. "गेले असणार. खायला नाही, दिसायला नाही, कोण बसेल?"

"पिल्लं घेऊन?" मॅडम म्हणाल्या. "एवढी वाट? आणि तिकडे अगदी लहान पिल्लांची हाडं सापडली आहेत. म्हणजे अंडी तिथेच घातली. पिल्लं चालण्याजोगी होईपर्यंत अंधार यायचा."

"आम्ही तान्ही पोरगी घेऊन सामान हलवलंय, मॅडम."

"टेंपोतून ना?"

"चार पाय कशाला दिलेत मग त्यांना?"

"तुमच्या पायाला भिंगरी आहे म्हणून सगळ्या जगाच्या असते का?"

हे रोजचं. पण या वेळचं हाड वेगळं होतं. टोकाकडच्याच खडकातून निघालेलं, पिल्लाच्या मागच्या पायाचं. हाड झाडाच्या खोडासारखं बाहेरच्या बाजूने वाढत जातं. वाढ थांबली की एक बारीक काळी रेघ राहते, तो हिवाळा. म्हणून सगळं महत्त्व अगदी बाहेरच्या कडेला. रेघ कडेलाच असली तर प्राणी हिवाळ्यात मेला, आणि हाड तिथलंच म्हणजे हिवाळ्यात तो तिथेच होता. रेघेबाहेर आणखी वाढ दिसली तर तो उन्हाळ्यात मेला, मग हिवाळा कुठे काढला ते कळत नाही. हाड दुसऱ्या संग्रहालयाचं होतं आणि त्यांनी एकाच कापाची परवानगी दिली होती.

त्या सकाळी भिंगरीच्या खिशात फोन सारखा थरथरत होता. घराचा एजंट होता तो. नवी जागा, तिसरा मजला, दुपारपर्यंत हो की नाही सांगा. तिने दोनदा चाक थांबवलं, व्हरांड्यात गेली, फोन न उचलताच परत आली. खिडकी उघडली, लावली. मग पुन्हा बसली. काप छान उतरत होता, अक्षरं दिसू लागली होती. झालंच. तिने पट्टी उचलली, फोन पुन्हा थरथरला, आणि पट्टी खाली ठेवायच्या आधी तिच्या हाताने ती चाकावर तिरकी टेकवून कापाचीच कड मारली.

सुर्रकन आवाज आला. तेवढाच.

ती तशीच ओल्या हातांनी मॅडमच्या खोलीत गेली. "मॅडम, कड मारली."

"म्हणजे?"

तिने चष्म्याचं सांगितलं. मॅडमनी तिच्या हातातली पट्टी घेतली. मायक्रोस्कोपखाली ठेवून सरकवत राहिल्या. भिंगरी उभी राहिली, बसली, पुन्हा उठली.

"थोडी कड वाचलीय," शेवटी मॅडम म्हणाल्या. "आणि रेघ आहे."

"ओरखडा असेल माझ्या चाकाचा."

"ओरखडा वरवर असतो. ही खाली फोकस नेला तरी दिसते. रेघच आहे. पण तिच्याबाहेर काही होतं का, आणि ते तुम्ही घासून टाकलं का, हे आता ब्रह्मदेवही सांगणार नाही."

"ओरडा ना मला."

"ओरडून कड परत येणार आहे का? त्या संग्रहालयाला फोन करते. दुसरा काप मागते. आणि खरं काय झालं ते सांगते."

"मग ते म्हणतील, दुसऱ्या कोणाला बसवा."

"म्हणू शकतात."

उत्तर यायला आठवडा लागेल असं कळलं. त्या आठवड्यात भिंगरीने चाक उघडून साफ केलं, पुन्हा उघडलं, टाकाऊ हाडांचे काप काढून उगाच घासत बसली. प्रत्येक पट्टी ठेवताना डावा हात उजव्याच्या मनगटावर. घर हातचं गेलं. "चला, खिळा ठोकतो," असं म्हणत नवऱ्याने हातोडी काढली, तिने लक्षही दिलं नाही.

"मॅडम," एका दुपारी ती दारातूनच म्हणाली, "समजा, दिला त्यांनी काप. मी नाही तर दुसऱ्या कोणी घासला. आणि रेघ अगदी कडेला निघाली."

"तर मी जिंकले. ते तिथेच राहत होते."

"ते म्हणजे कोण? आपल्याकडे एकच पाय आहे. ते पिल्लू लंगडं असलं तर? मागे पडलं, आईने थोडी वाट पाहिली, आणि मग बाकीचे सगळे निघून गेले असले तर?"