बाहेरकाठ्यावरचा माणूस

ओमानमधल्या सोहारच्या शेती-प्रदर्शनात हॉलंड देश एका टेबलावर मांडला होता. टेबल चांगलं खाटेएवढं. एका अंगाला काचेच्या हौदात निळसर पाणी, तो समुद्र. मधे बांध. आणि बांधाच्या अलीकडे, त्या पाण्याच्या पातळीहून वीतभर खाली, हिरवी कुरणं, काळ्या-पांढऱ्या गायी, बटाट्याची शेतं, टोमॅटोची काचघरं आणि बोटाएवढ्या पवनचक्क्या. दर तासाला एक खटका ओढायचा. बांधाचा मधला तुकडा बाजूला सरके, समुद्र आत घुसे, गायींच्या पोटापर्यंत पाणी चढे. मग बटण दाबलं की छोटा पंप सगळं पाणी उपसून परत समुद्रात टाकी. लोक टाळ्या वाजवत.

हे काम गुलजारकडे आलं, कारण जवळच्या सहम गावी खजुराच्या वाडीत तो पंप सांभाळत असे. त्याचा अर्बाब, म्हणजे वाडीचा मालक, हॉलंडचं बियाणं घेई. ते विकणारा वाउटर नावाचा तिकडचाच गोरा म्हणाला, बघायला येणाऱ्यांत निम्मे हिंदी बोलणारे असतात, मला एक माणूस द्या. अर्बाबने गुलजारच्या पाठीवर थाप मारली. "यल्ला गुलजार! पंप तो पंप. इकडचा काय, तिकडचा काय."

दोन हजार एकची थंडी होती. अख्ख्या बातिना किनाऱ्यावर हवेला त्या दिवसांत जरा माणुसकी आली होती.

गुलजार रायगडच्या खारेपाटातला. तिथली भातशेती अशीच, भरतीच्या पाण्याखालच्या पातळीवर. खाडी अडवून धरणाऱ्या मोठ्या बांधाला तिकडे बाहेरकाठा म्हणतात, आणि तो फुटला तर त्या तोंडाला खांड. म्हणून पहिल्या दिवशी टेबल पाहून गुलजारला हसूच फुटलं. हा तर आपलाच गाव, फक्त रंगवलेला. तो लोकांना सांगू लागला, "या, या! हा मुलूख आपल्या कोकणापेक्षा थोडासाच मोठा. चौथाई जमीन समुद्राच्या खाली. आधी पवनचक्क्यांनी पाणी उपसलं, आता मोटारींनी. उपसणं एक दिवस थांबवता येत नाही. तिथली गाय दूध देते ते समुद्राच्या परवानगीने."

सहमला दुकान चालवणारा रत्नागिरीचा मुनीर मुद्दाम बघायला आला. "काय रे खारेपाटी, तू कधी गेलास या मुलखात?"

"पासपोर्टवर शिक्का नाय. पायाचा चिखल तोच."

"चिखल? तुझ्या पायाला दहा वर्षांची वाळू चिकटलीय, लबाडा!"

गुलजार हसला. पण हसताना त्याची नजर बांधावर गेली. तिथे प्लास्टिकचा एक माणूस उभा होता. नखाएवढा. निळा सदरा, खांद्यावर फावडं.

खटका ओढला की पाणी त्या माणसाला पाडी. तो वाहत आत यायला हवा. पण तो भोवऱ्यात फिरे आणि नेमका फुटलेल्या तोंडात जाऊन अडके, आडवा. मागून पाणी त्याला ढोसत राही.

गुलजारच्या धाकट्या भावाचं नाव सादिक.

खारेपाटात एक रीत होती. खांड पडली अशी हाक आली की घरटी एक माणूस बांधावर जाई. छातीभर पाण्यात माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहत, आणि त्यांच्या आडोशाने मागचे लोक चिखल-पेंढा भरत. आपल्या घरचा दुसरा माणूस येईपर्यंत जागा सोडायची नाही. तो मागून आला की उभा असलेला न वळता विचारी, "आलास?" आणि आलेल्याने म्हणायचं, "आलो. जा तू." एवढं बोलणं झालं की पहिला सुटला.

ब्याण्णवच्या श्रावणात, अमावास्येच्या भर दुपारच्या उधाणात खांड पडली. गुलजार तेव्हा सहमला होता. बाप शरीफ अर्धांगाने खाटेवर. म्हणून सादिक गेला. शेजारी म्हणाले, जा रे पोरा, दोन घास खाऊन ये, आम्ही आहोत. तो म्हणाला, "माझ्या घरचा येऊ दे." घरचा कुणी येणार नव्हता, हे त्यालाही ठाऊक होतं. थोड्या वेळाने बांधाची कड कोसळली ती त्याच्याच अंगावर. ओहोटी लागल्यावर गावाने खांड बुजवली, पण सादिक सापडला नाही. पुढे तो बांध कधीच फुटला नाही. गाव म्हणू लागलं, आत सादिक उभा आहे.

तेव्हापासून सहमच्या विहिरीवर पंप सुरू झाला की पहिलं पाणी येण्याआधी नळीत जी गुरगुर होई, तिच्यात गुलजारला शब्द ऐकू येत. "भाई, आलास?" तो कधी उत्तर देत नसे. 

आणि आता गावाकडून निरोप होता. तरणी माणसं सगळी आखातात. भात लावायला हात नाहीत, बांध राखायला त्याहून नाहीत. कोळंबीची तळी करणारा एक ठेकेदार बाहेरकाठा फोडून खाडीचं पाणी आत घ्यायला तयार होता. सगळ्या घरांनी होकार दिला होता. ज्या जागी खांड पडली होती तिथला तुकडा गुलजारचा. त्याचाच शब्द राहिला होता.

त्याची आई अमीरुन्निसा फोनवर म्हणाली, "तुझा काय म्हनना हाय ते शुक्रवारी सांग. लोक थांबलेत."

"अम्मा, बांध फोडला तर सादिक कशासाठी उभा राहिला?"

पलीकडून आई म्हणाली, "त्याला कोनी सांगितलाय का, की आता जा म्हनून?"

प्रदर्शनात गुलजारने तो प्लास्टिकचा माणूस बांधावरून उचलला, बाहीने कोरडा केला आणि लांब कुरणात, गायींच्या मधे बसेल असा ठेवला. दुसऱ्या सकाळी तो परत बांधावर होता. पुन्हा उचलला. पुन्हा बांधावर. शेवटी त्याने वाउटरला विचारलं. दोघांची भाषा म्हणजे हिंदी, अरबी आणि इंग्रजीची खिचडी.

"साहेब, या माणसाला रोज बांधावर कोण ठेवतं?"

वाउटर म्हणाला, "मला वाटलं तूच."

 मग गुलजारने त्याला सगळं सांगितलं. बांध, रीत, भाऊ. वाउटर टेबलाच्या कडेला टेकला. त्याच्या जन्माआधी, त्रेपन्न साली, त्यांच्या भागातले बांध एका वादळात फुटले होते. आजोबांची बहीण वाहून गेली ती सापडलीच नाही. "आजी मरेपर्यंत जेवणाच्या टेबलावर तिचं ताट मांडायची. आम्हा मुलांना त्या खुर्चीवर बसायची बंदी." मग तो हळूच म्हणाला, "आता आमच्याकडे काही लोक म्हणतात, थोडी जमीन पाण्याला परत देऊ. म्हातारे भांडायला उठतात. कुणी बटाट्यांसाठी भांडत नाही, गुलजार."

शुक्रवार हा प्रदर्शनाचा शेवटचा दिवस. पाहुणे जमले होते. जर्मन, इराणी, फिलिपिनो, सोहारच्या बंदरावरचे भारतीय इंजिनियर आणि त्यांच्या बायका. गुलजारने सगळा देश सांगितला, गायी, दूध, बटाटे, काचघरं, आणि खटका ओढला. तुकडा सरकला. पाणी आत उसळलं. प्लास्टिकचा माणूस पडला आणि तोंडाकडे निघाला. त्याच क्षणी गुलजारने आपला तळहात खांडीत घातला.

पाणी थांबलं. लोक हसले. हाही खेळाचा भाग असेल. गुलजारला हात काढता येईना. पाणी बोटांच्या फटींतून ढोसत होतं, मनगट गार पडत चाललं होतं, आणि कुरणं मात्र कोरडी होती. एक बाई म्हणाली, "अहो, बुडवा ना आता!"  हात काढायचा तर कुणाला विचारून?

वाउटर मागून आला. त्याने सदऱ्याची बाही वर केली आणि आपला रुंद, लाल पंजा गुलजारच्या हाताशेजारी खांडीत घातला. मोडक्या हिंदीत, एकेक शब्द जोखत तो म्हणाला, "मैं आ गया. तू जा."

गुलजारचा हात सैल झाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वाउटरनेही पंजा काढून घेतला आणि समुद्र आत गेला. प्लास्टिकचा माणूस या वेळी अडकला नाही. तो कुरणावरून तरंगत गेला आणि गायींच्या मधे जाऊन पाठीवर पडला.

संध्याकाळी गुलजारने फोन लावला. "अम्मा, फोडू दे. पन मी येईपर्यंत नाय."

तो गावी गेला. ओहोटीची दुपार होती. ठेकेदाराचं यंत्र बांधावर धडधडत उभं होतं. गुलजार चिखलात उतरला आणि जिथे आईने बोट दाखवलं तिथे बांधाला खांदा लावून उभा राहिला. यंत्रवाला ओरडला, "चाचा, बाजूला व्हा!" आईने हात वर करून त्याला थांबवलं. गुलजार बांधाशी तोंड नेऊन म्हणाला, "आलो. जा तू."

मग बांध फुटला. आत पेंढा निघाला, काळा, जुना. माणसाचं काहीच निघालं नाही. आई घरी आली, दारातल्या ओट्यावर बसली, मग आत गेली, आणि सादिक गेल्यापासून पहिल्यांदा तिने दाराला कडी लावली.

गुलजार सहमला परतला. पंपाच्या नळीत आता नुसती गुरगुर होती, शब्द नव्हता. पण पुढच्याच उन्हाळ्यात पाण्याची चव बदलली. बातिनातल्या किती वाड्यांत हे चाललंच होतं. माणसं गोडं पाणी उपसत राहिली आणि जमिनीखालून समुद्र मागोमाग येत गेला. खजुरांचे शेंडे करपले. अर्बाब म्हणाला, "खलास, गुलजार. दुसरी वाडी बघू." गुलजार म्हणाला, इन्शाल्ला, आणि जागचा हलला नाही.

अजून तो रोज, खांडीत उभं राहावं तसा, विहिरीच्या कठड्याला खांदा लावून उभा राहतो, समुद्राकडे तोंड करून. कामाची माणसं येतात-जातात. मागे पावलं वाजली की तो वळत नाही. नुसता विचारतो, "आलास?"