चौथ्या फेरीतला शब्द

परवा जुना टेबलफॅन लावला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. आमच्या गावी, वलवणला, आळीतल्या रहमानचाचांचा टीव्ही तापला की असाच वास यायचा.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. मुंबईच्या टीव्हीवर शाळकरी मुलांची अंकांची आणि शब्दांची स्पर्धा लागायची. तिच्या तीन फेऱ्या मी जिंकले होते. चौथी बघायला सगळी आळी चाचांकडे जमली. चित्रीकरण आठवड्यापूर्वीच झालं होतं. मी हरले, हे फक्त मला आणि वडिलांना माहीत होतं. मी खाली मान घालून चटईच्या काड्या उपसत बसले.

पडद्यावर मी भराभर गुणाकार सांगत होते, तशी माणसं खूश होत होती. शेवटी फलकावर चार विस्कटलेली अक्षरं आली: त, आ, ण, व. शब्दाचा अर्थ दिला होता, आमंत्रण.

"आवतण," शेजारच्या सखूमावशी लगेच म्हणाल्या.

पडद्यावरची मी गप्पच. समोरच्या मुलानं घंटा दाबली आणि तोच शब्द सांगितला.

मग मावशींनी हळूच विचारलं, "तुला ठावं न्हवतं व्हय गं?"

"न्हाई, मावशी."

"असू दे मग," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

खरं तर शब्द मला बघताक्षणीच सुचला होता. आपला खेडवळ शब्द, मुंबईची माणसं हसतील, म्हणून मी तो गिळला. हरल्याचं दुःख मी वर्षभरात विसरले. मावशींना खरं सांगायचं मात्र राहून गेलं. त्या गेल्या त्यालाही आता खूप वर्षं झाली, तरी ते आठवलं की मला अजून एका जागी बसवत नाही.