तुझ्यानंतर कोण?

आउदुनशी भांडता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला आहे. आपण आवाज चढवला की तो डबा उघडतो, पावाच्या दोन तुकड्यांमधला कागद काढतो, त्याची घडी घालून खिशात ठेवतो आणि खायला लागतो. जेवण झालं की आपण नको म्हणालो होतो तेच चित्र पुन्हा काढतो.

नॉर्वेतल्या बर्गनमधल्या आमच्या छोट्या कंपनीत फोनच्या स्क्रीनवर काय कुठे दिसेल हे तो आखतो आणि त्यामागचा कोड मी लिहिते. त्याआधी त्याने अर्धं आयुष्य बसथांब्यांवरची वेळापत्रकं आखण्यात घालवलं. पावसात चष्मा भिजलेल्या म्हातारीला वाचता आलं म्हणजे झालं, ही त्याची तेव्हाची कसोटी होती. आजही तीच आहे. बायको नाही, मूल नाही, रविवारी एकटाच डोंगरावर जातो. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

त्या वर्षी आम्ही एकट्याने धंदा करणाऱ्या कारागिरांसाठी ॲप करत होतो. कुंभार, विणकर, दागिने घडवणारे, शिवणकाम करणाऱ्या बायका. ऑर्डरी, मापं, गिऱ्हाइकांचे निरोप, सगळं एका फोनवर. "कलावंत माणसं आहेत, धंद्याचं नाव काढलं की घाबरतात. ॲप गोड दिसलं पाहिजे," असं आमची मालकीण मारेन म्हणायची. म्हणून काम पूर्ण झालं की स्क्रीनवर फुलं उधळली जायची.

ती फुलं बोर्गहिल्डने पहिल्याच दिवशी उडवून लावली. ही सत्तरीची बाई हार्डांगरच्या फ्योर्डकाठी, डोंगरांत शिरलेल्या लांब खाडीच्या कडेला, बूनाड शिवते. मुलगी पंधराची होत आली, चर्चमधला तिचा विधी ठरला, की घरचे आपल्या खोऱ्याचा हा पोशाख शिवायला टाकतात आणि सतरा मेच्या, राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत ती तो घालून निघते. एक बूनाड जन्मभर पुरतो. आउदुन आणि मी ॲप दाखवायला तिच्या शिवणाच्या खोलीत बसलो होतो. चहूबाजूंना कापून ठेवलेली लोकरी कापडं टांगलेली होती.

"ही फुलं कशाला?" तिने विचारलं.

"काम पूर्ण झालं म्हणून," आउदुन म्हणाला.

"पूर्ण? पुढच्या वर्षी पोरगी अंगाने भरते, की आली शिवण उसवायला. मग लग्न होतं, पोट सुटतं, की आली पुन्हा. माझं एक काम पूर्ण झालेलं दाखव." तिने दोरा तोडला. "आणि मी मेले की कुठलं बटण दाबायचं?"

मी हसले. आउदुन हसला नाही. "तेव्हा काय व्हायला हवं तुला?" त्याने विचारलं.

"मे महिन्यात या पोरींच्या अंगावर कपडे हवेत. बाकी माझं काय व्हायचं ते होवो." तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती आणि फेब्रुवारीत बर्गनला ऑपरेशन होतं. हे तिने कॉफीत दूध हवं का विचारावं तसं सांगितलं.

पुढच्या सोमवारी आउदुनच्या आखणीत एक नवी स्क्रीन होती. वर लिहिलं होतं, 'तुझ्यानंतर कोण?' आणि खाली एका नावापुरती जागा.

"वेड लागलंय का?" मारेन म्हणाली. "माणूस सकाळी कॉफी घेऊन बसणार आणि आपण त्याला मरण विचारणार? काढ ते."

त्याने काढलं नाही. तिने पुसलं की पुढच्या सोमवारी स्क्रीन परत यायची, आणि प्रत्येक वेळी थोडी सुधारलेली असायची. शेवटी मारेन कंटाळली आणि म्हणाली, ठेव, पण कोणाला सहज सापडणार नाही अशी ठेव.

मग त्याने ती कशी चालेल ते ठरवलं. ज्याचं नाव लिहिलं त्याला लगेच निरोप जाईल. तो 'हो' म्हणाला तरच नाव राहील. नंतर कधी मालकाने तीन आठवडे ॲप उघडलं नाही, तर कामं त्या माणसाकडे जातील आणि गिऱ्हाइकांना तसं कळवलं जाईल. मी म्हटलं, "निरोप कशाला? नाव गुपचूप राहू दे. जिवंतपणी कोण असं विचारायला जाईल? आपल्याकडे शेजाऱ्याकडे शिडी मागायलासुद्धा लोकांना आठवडा लागतो."

तेव्हा त्याने पहिल्यांदा घरचं काही सांगितलं. त्याचे वडील व्हायोलिन दुरुस्त करायचे. माझ्यानंतर हालवार बघेल, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. हालवार हा आउदुनचा थोरला भाऊ. त्याला जहाजावर जायचं होतं. "त्याला कधी कोणी विचारलंच नाही," आउदुन म्हणाला. "वडील गेले आणि लोक दारात येऊन उभे राहिले. मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? हालवार अजून तिथेच बसलाय, त्याच बाकावर." एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला.

जानेवारीत बोर्गहिल्डचा फोन आला. खोलीत आम्ही दोघंच होतो, म्हणून त्याने तो स्पीकरवर घेतला.

"मी नाव लिहिलं तर तिला कळेल?"

"कळेल. तिने हो म्हणायला हवं."

"मग माझ्यापुरती ती विचारायची अट काढून टाक. ओस्टा आहे, पलीकडच्या काठावरची. तिच्याइतकं चांगलं शिवणारं दुसरं कोणी नाही. पण आम्ही बोलत नाही."

कारण तिने सांगितलं. बारा वर्षांपूर्वी सतरा मेला, भर मिरवणुकीत, ओस्टाने एका मुलीचा कंबरपट्टा धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं होतं की हे विणकाम चुकलंय. तो बूनाड बोर्गहिल्डने शिवलेला होता. दुसऱ्यांच्या पोशाखातल्या चुका काढत फिरणाऱ्या अशा बायकांना इथे बूनाड-पोलीस म्हणतात.

"मी काढणार नाही," आउदुन म्हणाला. "नाही म्हणायचा हक्क तिलाही आहे."

"म्हणजे मी तिच्या पाया पडायचं?"

"विचारायचं."

तिने फोन ठेवला. मला त्याचा राग आला. ऑपरेशनला निघालेल्या बाईशी माणूस इतका ताठ कसा वागू शकतो? त्या संध्याकाळी तो नेहमीच्या बसने घरी गेला आणि मला वाटलं, बिचाऱ्या पोरी, मेमध्ये घालणार काय.

पण नाव लिहिलं गेलं. बर्गनला जाताना बोटीवर तिने ते लिहिलं आणि बोट काठाला लागायच्या आत ओस्टाचं 'हो' आलं.

ऑपरेशन झालं, पण पुढे जखम चिघळली. बोर्गहिल्ड महिनाभर इस्पितळाच्या खाटेवर आणि फोन तिथल्या कपाटात. तीन आठवडे उलटले. ॲपला जे सांगितलं होतं ते त्याने केलं. सगळ्या गिऱ्हाइकांना निरोप गेले, आणि ओस्टा गाडी घेऊन आली, शेजारणीकडून किल्ली घेतली आणि खोलीतलं कापड न् कापड घेऊन गेली.

मार्चअखेरीला बोर्गहिल्ड घरी पोचली आणि तिचा फोन आला.

"मी जिवंत आहे," ती म्हणाली. "आता कुठलं बटण?"

बटण नव्हतं. मरणाचा विचार करता करता, माणूस बरा होऊन घरी येईल हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी हळूच म्हटलं, "एक ओळ लिहिते, सगळी कामं तिच्या नावावर परत." आउदुनने मान हलवली. नको.

"ओस्टाने हो म्हटलंय," तो फोनमध्ये म्हणाला. "तिला न विचारता मी ते काढून घेऊ शकत नाही. तू माग तिच्याकडे."

"दोनदा? एकाच हिवाळ्यात त्या बाईला मी दोनदा विचारायचं?" तिचा आवाज चिरकला. "माझं सगळं आयुष्य त्या खोलीत टांगलेलं होतं रे."

ती रडत होती हे आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं. फोन बंद झाल्यावर त्याने डबा उघडला, पण खाल्लं नाही. मारेनला कळलं तेव्हा ती म्हणाली, हे बाहेर गेलं तर ॲप बुडेल आणि तूही. तो म्हणाला, "हो."

ईस्टरनंतर आम्ही दोघं बोर्गहिल्डकडे गेलो. तिच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ती पलीकडे आहे, रोज पहिल्या बोटीने जाते.

ओस्टाने दार उघडलं. उंच, सुकलेली, जाड भिंगांचा चष्मा. आम्ही बूट काढून आत गेलो. खिडकीपाशी बोर्गहिल्ड बसली होती, बरीच वाळलेली, मांडीवर बूनाडच्या छातीवर लावायचं कापड आणि त्यावर अर्धे भरलेले मणी. टेबलावर वॉफलची ताटली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या, पण एकाच रिळातला दोरा घेत होत्या.

"हाच तो ताठ माणूस," बोर्गहिल्ड म्हणाली.

"मणी ही करते," ओस्टा म्हणाली. "मला मण्यांची सुई दिसत नाही आता."

"कधीपासून?" आउदुनने विचारलं.

"चार-पाच वर्षं झाली."

"मग हो कशी म्हणालीस?"

ओस्टाने कापडावर खडूची रेघ ओढली. "बारा वर्षांनी हिचं काहीतरी आलं. त्याला नाही म्हणू?"

बोर्गहिल्डने मान वर केली नाही. सुई मात्र थांबली होती. मग ती आउदुनला म्हणाली, "तुझं ॲप अजून मूर्खच आहे. एका कामावर दोन नावं लावायची तर कशी लावायची?"

"नाही लागत," आउदुन म्हणाला. "एकच लागतं."

"पोरी विचारणार ना कोणी शिवलं ते. त्यांना खोटं सांगू?"

आउदुन भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि हुंदक्यांनी त्याचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत मी त्याला असं पाहिलं नव्हतं.

"बस तिथे," ओस्टाने खुर्चीवरचं कापड उचललं. "बस आणि लाव ती दोन नावं. वॉफल खा आधी."